एका ट्रकचा हिशेब : मोटारी वाहून नेणाऱ्या मालकाचे भांडवल आणि विमा

विमा हा विषय बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मला कंटाळवाणा वाटत होता. तत्त्वे पाठ करायची, प्रत्येकाखाली एक उदाहरण लिहायचे, की गुण मिळतात. उदाहरणे ठरलेली : घराला लागलेली आग, बुडालेले जहाज. बेळगावात जहाज कोणी पाहिले आहे? पण दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मामांनी एक काम सांगितले आणि हीच तत्त्वे त्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली.

मामा गेली बावीस वर्षे दुसऱ्यांचे मालट्रक चालवतात. त्यांतली शेवटची सहा वर्षे ते नव्या मोटारी वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर आहेत. आता त्यांना स्वतःची गाडी घ्यायची आहे. मोठा ट्रेलर नव्हे. दोन आसांचा, बत्तीस फुटी, दोन मजली बॉडीचा ट्रक, ज्यावर चार लहान मोटारी बसतात. बँकेचा कागद इंग्रजीत, आरटीओ कचेरीतल्या सूचना कानडीत आणि घरातले बोलणे मराठीत. म्हणून हे सगळे एका कागदावर मराठीत मांडून द्यायचे काम माझ्याकडे आले.

"सहा लाख जमवलेत बघ," मामा म्हणाले. "बाकीचं ब्यांक देतीया. इन्शुरन्स तर सक्तीचाच हाय. मग राहिलं काय?"

काय राहिले, ते या लेखात सांगतो. लेखातले कायदे, विम्याच्या अटी आणि सरकारी दर खरे आहेत. ट्रकची किंमत, भाडे, डिझेल वगैरे आकडे मामांच्या अनुभवावरून हिशेबासाठी धरलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

प्रथम हा धंदा कसा चालतो ते थोडक्यात. चाकण, बिडदी येथील कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या नव्या मोटारींची वाहतूक शेकडो गाड्या बाळगणाऱ्या मोठ्या वाहतूकदारांकडे असते. एका ट्रकच्या मालकाला कारखाना दारात उभा करत नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. एक तर आपली गाडी मोठ्या वाहतूकदाराकडे 'अटॅच' करायची आणि तो देईल ते भाडे घ्यायचे. नाही तर जुन्या मोटारींचे व्यापारी आणि बदली झालेली कुटुंबे यांची कामे दलालामार्फत मिळवायची. आपल्या गावात दुसरे काम बऱ्यापैकी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथे असल्याने लष्करी बदल्या होतात, बँकांतल्या बदल्या होतात, आणि बेंगळूरला नोकरीला गेलेल्या मुलाकडे वडिलांची मोटार पाठवणारेही असतात.

आता खर्च. बॉडीसह ट्रक ३० लाख रुपयांना पडतो असे धरू. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा फायदा यात आला आहे.) मामांचे सहा लाख, बँकेचे चोवीस. व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे. मासिक हप्ता ५२,१८२ रुपये येतो. हा हप्ता मी तीनदा मोजला, कारण मामांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. त्यांनी मनात चोवीस लाखांना साठने भागून चाळीस हजार धरले होते. बारा हजारांचा फरक म्हणजे व्याज. पाच वर्षांत ते सात लाखांच्या वर जाते.

विम्याचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ओळखल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने रस्त्यावरच्या त्रयस्थाला इजा झाली तर. हा सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ही सक्ती आली, १ जुलै १९४६ पासून ती प्रत्यक्ष अमलात आली, आणि आजच्या १९८८ च्या कायद्यातही ती कायम आहे. याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात, भाड्याने माल वाहणाऱ्या १२ ते २० टनांच्या गाडीला ३५,३१३ रुपये आहेत. (साडेसात टनांपर्यंत १६,०४९, बारा टनांपर्यंत २७,१८६, आणि चाळीस टनांच्या वर ४४,२४२.) मालवाहू गाड्यांच्या या हप्त्यावर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे मामांना ३७,०७९ रुपये.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. कायद्याने तो सक्तीचा नाही. पण कर्ज असेपर्यंत बँक तो सोडू देत नाही. याचे दर २००७ पासून मोकळे आहेत. त्यापूर्वीचे २००२ चे अखिल भारतीय दरपत्रक मी पाहिले. त्यात व्यापारी गाड्यांसाठी देशाचे तीन गट होते : चार महानगरे 'अ', इतर राज्यांच्या राजधान्या 'ब', उरलेले सगळे 'क'. बेंगळूर 'ब' गटात आणि बेळगाव 'क' गटात, त्यामुळे आपल्याला दर किंचित कमी, नव्या गाडीला १.७२६ टक्के. राजधानी नसल्याचा हा एक तरी लाभ! त्या जुन्या दराने नव्या ट्रकला सुमारे ४९,००० रुपये झाले असते. आता कंपन्या सूट देतात, म्हणून मी ४०,००० धरले. १८ टक्के जीएसटी मिळवून ४७,२००.

मामांचे म्हणणे येथे संपत होते. दोन्ही भाग घेतले, म्हणजे विमा झाला. मी पॉलिसीचा नमुना घेऊन बसलो. बारीक अक्षरातली ती इंग्रजी पाने एक एक वाक्य मराठीत सांगू लागलो, तेव्हा आम्हा दोघांनाही कळत गेले की ज्या गोष्टीची मामांना खरी भीती होती, तिचा त्यात विमाच नाही.

ती गोष्ट म्हणजे ट्रकवरच्या मोटारी.

मामांच्या नोकरीतला एक प्रसंग आहे. रात्रीच्या पावसात उतार-फळीवरून मोटार वर चढवताना तिचे चाक घसरले आणि दरवाजा लोखंडी खांबाला घासला. त्या ट्रेलरचा मालक एकट्या गाडीवर पोट भरणारा होता. ज्या वाहतूकदाराकडे गाडी अटॅच होती, त्याने नव्या दरवाजाची आणि रंगाची किंमत पुढच्या दोन बिलांतून कापून घेतली. मालकाकडे पॉलिसी होती, तीही पूर्ण. त्याने दावा केला आणि तो परत आला. मामा आजपर्यंत समजत होते की कंपनीने फसवले.

फसवले नव्हते. मोटार पॉलिसीच्या थर्ड पार्टी भागात स्पष्ट लिहिलेले असते की विमेदाराच्या ताब्यात असलेल्या, किंवा त्याच्या गाडीतून वाहून नेल्या जात असलेल्या मालमत्तेच्या नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. व्यापारी गाडीला दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांचे संरक्षण असते ते खरे. पण ती मालमत्ता रस्त्यावरची. ट्रकने दुकानाचे शटर तोडले, तर शटरचे पैसे मिळतात. ट्रकवर लादलेल्या मोटारीचे मिळत नाहीत. आणि दुसरा भाग तर फक्त ट्रकचाच असतो. म्हणजे चार मोटारी मिळून तीस लाखांचा माल डोक्यावर घेऊन गाडी धावते, आणि तिच्या पॉलिसीत त्या मालाला जागा नाही.

मग त्या मोटारींचा विमा कोणाचा असतो? त्याची दोन उत्तरे आहेत. कारखान्यातून निघालेल्या नव्या मोटारींसाठी माल पाठवणारा 'मरीन' पॉलिसी घेतो. रस्त्याने जाणाऱ्या मालाच्या पॉलिसीला समुद्राचे नाव का, हे सांगताना मामा हसले. पण विम्याचा धंदा जहाजांपासून सुरू झाला आणि नाव चिकटून राहिले. खासगी मालकाची जुनी मोटार असेल, तर तिची स्वतःची पूर्ण पॉलिसी बहुधा चालू असते, आणि तिच्यात रस्ता, रेल्वे, जलमार्ग यांवरून वाहून नेली जात असताना होणारे नुकसान धरलेले असते. बदलीवर जाणाऱ्या पुष्कळ लोकांना हे माहीत नसते.

"मग आपल्याला काय फिकीर? त्यांचं त्यांनी घ्यावं," मामा म्हणाले.

येथे माझ्या पाठ्यपुस्तकातले एक तत्त्व कामाला आले. परीक्षेत ते मी सहा ओळींत लिहीत असे. त्याला सब्रोगेशन म्हणतात. नुकसान भरून दिल्यावर विमा कंपनी मूळ मालकाच्या जागी उभी राहते, आणि ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याच्याकडून ती रक्कम वसूल करण्याचा मालकाचा हक्क तिच्याकडे येतो. मोटारीच्या मालकाला त्याची कंपनी पैसे देईल. नंतर त्याच पैशांसाठी ती कंपनी ट्रकमालकाला नोटीस धाडील. ग्राहक दयाळू असू शकतो, ओळखीचा असू शकतो, 'जाऊ दे' म्हणू शकतो. कंपनी म्हणत नाही.

ती किती मागू शकते, याला कायद्याने मर्यादा घातली आहे, आणि ही मर्यादा प्रत्येक लहान वाहतूकदाराने पाठ करावी. १८६५ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी २००७ चा रस्ता वाहतूक कायदा आला. तो १ मार्च २०११ पासून लागू आहे. आपल्या नावाने मालाची पावती, म्हणजे बिल्टी, देऊन धंदा करणाऱ्याने त्याखाली नोंदणी करावी लागते. माल पाठवणाऱ्याने जास्त मूल्य सांगून जादा जोखमीचा दर मान्य केलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती असते. बेळगाव ते बेंगळूर एका मोटारीचे भाडे ९,००० रुपये धरले, तर ९०,००० रुपये. पण त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे : नुकसान झाले म्हणजे वाहतूकदाराचा निष्काळजीपणा दावा करणाऱ्याने सिद्ध करावा लागत नाही. अस्मानी संकट, युद्ध, दंगल, सरकारी हुकूम अशी थोडी कारणे सोडली तर जबाबदारी वाहतूकदाराचीच. माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी सूचना देणे मात्र दावेदाराला बंधनकारक आहे.

याचा अर्थ असा की बिल्टीचा कागद म्हणजे ट्रकमालकाची ढाल आहे. भाडे, मोटारीचा नंबर, चढवतानाची स्थिती, आधीचे ओरखडे, हे सगळे तिच्यावर हवे. मामांच्या ओळखीचे कित्येक जण वहीच्या पानावर फोन नंबर आणि 'पांढरी स्विफ्ट' एवढेच लिहून मोटार चढवतात. अशा वेळी भाडे किती ठरले होते हेच सिद्ध होत नाही, मग दहा पट कशाची काढायची? आणि जो मोठ्या वाहतूकदाराकडे अटॅच आहे त्याला ही मर्यादासुद्धा उपयोगी पडेलच असे नाही. कारण तेथे बिल्टी वाहतूकदाराची असते आणि ट्रकमालकाला बांधतो तो त्या दोघांतला करार. करारात पूर्ण वसुली लिहिली असेल तर बिलातून कापले जाते. मामांच्या त्या मालकाचे असेच झाले असणार.

या जोखमीसाठी वेगळी पॉलिसी मिळते, वाहतूकदाराच्या कायदेशीर जबाबदारीची. तिला मी वर्षाला १५,००० रुपये धरले. मामांनी ही रक्कम कागदावर पाहिली तेव्हा ते म्हणाले, "ही एक नवीनच काढलीस." पण दरवाजाची गोष्ट त्यांनीच सांगितली होती, त्यामुळे ओळ खोडली नाही.

आता पॉलिसी असूनही ती हातातून निसटते कशी, ते पाहू. रस्त्यावरच्या मनुष्याचा मृत्यू किंवा इजा झाली तर थर्ड पार्टीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ते कंपनी भरते. हे संरक्षण फार मोठे आहे आणि पस्तीस हजारांत ते स्वस्तच म्हणावे लागेल. मात्र मालकाने अटी मोडल्या असतील, तर कंपनी जखमीला आधी पैसे देते आणि मग ते मालकाकडून वसूल करते. चालकाचा परवाना खोटा किंवा संपलेला असणे, हे त्यातले नेहमीचे कारण. २००४ साली स्वर्ण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल सविस्तर सांगितले : चालकाच्या परवान्यात दोष आहे एवढे दाखवून कंपनीला सुटता येत नाही, मालकाने वाजवी काळजी घेतली नाही हे तिने सिद्ध केले पाहिजे. म्हणजे चालक ठेवताना त्याचा परवाना तपासला होता याचा पुरावा मालकाने जपला पाहिजे. परमिटच्या बाबतीत न्यायालय अधिक कडक आहे. २०१८ च्या अमृत पाल सिंग खटल्यात, परमिटच नसलेल्या ट्रकच्या मालकाकडून रक्कम वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळाली. वर्षाला १६,५०० रुपयांच्या राष्ट्रीय परमिट शुल्काची तारीख विसरली, तर त्यापायी घर जाऊ शकते.

हलक्या गाडीच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तो ऐकून माझा मावसभाऊ मामांची गाडी चालवायला तयार झाला होता. मामांचा ट्रक सोळा टनांचा आहे, हे त्याला समजावून सांगावे लागले.

माझ्या मते सर्वांत मोठे छिद्र बॉडीचे आहे. ट्रकची चासी कंपनीकडून येते. मोटारी वाहण्याची दोन मजली बॉडी बाहेर बांधतात. पॉलिसीत चासीची किंमत आणि बॉडीची किंमत वेगळी लिहितात. गाडी घेण्याच्या घाईत एजंट चासीच्या बिलावर पॉलिसी काढतो आणि बॉडी महिन्याभराने तयार होते. ती पॉलिसीत चढवायची कोणाला आठवत नाही. नोंदणीपुस्तकातही बॉडीचा प्रकार जसा आहे तसाच हवा. १९८८ च्या कायद्याप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही.

याचा हिशेब मामांना करून दाखवला. गाडी दोन वर्षांची होऊन तिसऱ्या वर्षात पूर्ण जळाली, असे समजू. तिसऱ्या वर्षी विम्याचे मूल्य मूळ किमतीतून ३० टक्के घसारा वजा करून धरतात : तीस लाखांचे एकवीस लाख. चोवीस हप्ते फेडल्यावर बँकेचे सुमारे १५ लाख ९४ हजार बाकी असतात. विम्याचे पैसे आधी बँकेला जातात, कारण गाडी तिच्याकडे तारण आहे. मामांच्या हाती ५ लाख ६ हजार. आता समजा, पाच लाखांची बॉडी पॉलिसीत चढवलीच नाही. मग मूल्य पंचवीस लाखांवर निघते, साडेसतरा लाख, आणि मामांच्या हाती १ लाख ५६ हजार. तोपर्यंत त्यांनी स्वतःचे सहा लाख आणि हप्त्यांचे साडेबारा लाख भरलेले असतील.

लहान अपघातातही असेच. टायर, रबर, प्लास्टिक, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम कापतात. शिवाय व्यापारी गाडीचे दिवे, मडगार्ड, बंपर, बॉनेट आणि रंग मूळ पॉलिसीत नसतातच. स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर १५ टक्के जादा देऊन २३ क्रमांकाची पुरवणी घेतली तर येतात. ट्रकला धक्का बसतो तो बहुतेक वेळा याच भागांना.

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते एका साध्या गोष्टीने. दुरुस्तीचे पैसे कंपनी देईल. गाडी गॅरेजमध्ये उभी असताना बुडालेले भाडे ती देत नाही. हे बुडणे किती असते, हे पाहण्यासाठी महिन्याचा हिशेब मांडावा लागला.

गाडी चालो वा उभी राहो, दरमहा लागणारा स्थिर खर्च असा : बँकेचा हप्ता ५२,१८२. तिन्ही विम्यांचे वर्षाचे ९९,२७९, त्याचा बारावा हिस्सा ८,२७३. कर, परमिट, फिटनेस मिळून ३,०००. चालकाचा पगार २२,०००. गाडी लावण्याची जागा आणि फोन २,०००. बेरीज ८७,४५५. (चालकाचा पगार का, तर मामा स्वतः चालवणार असले तरी त्यांना घरी पैसे द्यावेच लागणार. स्वतःच्या श्रमाची किंमत शून्य धरणे ही लहान धंद्याच्या हिशेबातली नेहमीची चूक आहे, असे आमचे सर सांगतात.)

बेंगळूरला जाऊन येणे सुमारे हजार किलोमीटर. लिटरला पाच किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरून १८,०००. हिरेबागेवाडीपासून पुढचे सगळे टोल ५,५०० आणि रस्त्यातला भत्ता १,५००. टायर आणि दुरुस्तीसाठी किलोमीटरला तीन रुपये बाजूला काढायचे, ते ३,०००. एका खेपेचा खर्च २८,०००. जाताना चार मोटारी, ३६,००० भाडे. येताना दोन मिळाल्या तर १८,०००. एकूण ५४,०००. खेपेमागे २६,००० उरतात.

८७,४५५ ला २६,००० ने भागले की ३.३६ येतात. पुस्तकात याला ना-नफा-ना-तोटा बिंदू म्हणतात. पाव खेप कोणी करत नाही, म्हणून चार. महिन्याला चार खेपा झाल्या तर साडेसोळा हजार शिल्लक. तीनच झाल्या तर साडेनऊ हजारांची घट. आणि परतीला मोटारी मिळाल्या नाहीत, तर त्या खेपेत २६,००० च्या ऐवजी ८,००० उरतात. म्हणजे मालकाचे सारे नशीब बेंगळूरहून परत येताना वरचा मजला रिकामा आहे की भरलेला, यावर आहे. मामांना हे माझ्यापेक्षा आधी माहीत होते. "रिकामी गाडी लई हलती रे," ते म्हणाले. त्यांना आकडा माहीत नव्हता, एवढेच.

अपघातानंतर सर्वेक्षक येणे, मंजुरी, सुटे भाग, दुरुस्ती यांत दीड महिना गेला, तर स्थिर खर्च १,३१,००० च्या पुढे जातो. चालकाचा पगार वगळला तरी जवळजवळ लाखभर रुपये. बँकेचा हप्ता थांबत नाही. एका गाडीचा मालक बुडतो तो याच काळात, दाव्याचे पैसे मंजूर झालेले असतानासुद्धा. दहा गाड्यांच्या मालकाची एक गाडी उभी राहिली तर उरलेल्या नऊ तिचा हप्ता फेडतात. विम्याचे मूळ तत्त्व तरी दुसरे काय आहे? अनेकांनी मिळून एकाचे नुकसान वाटून घेणे. एका गाडीच्या मालकाला हे घरातल्या घरात करता येत नाही, म्हणून त्याला राखीव निधी लागतो.

मामांच्या मित्रांनी येथे विजय संकेश्वरांचे उदाहरण दिले. १९७६ साली गदगमध्ये एका ट्रकने सुरुवात करून त्यांनी व्हीआरएल उभी केली, हे आपल्या भागात लहान मुलालाही ठाऊक आहे. उदाहरण खरे आहे आणि अभिमानाचे आहे. पण एका ट्रकने सुरुवात करून ज्यांचा ट्रक बँकेने ओढून नेला त्यांची नावे कोणी सांगत नाही, आणि मामांच्या बोलण्यात तशी चार-पाच नावे सहज आली.

तर शेवटी सुरुवातीचे भांडवल असे झाले. मामांचा स्वतःचा हिस्सा ६,००,०००. नोंदणी, कर, परमिट, फास्टॅग मिळून ७०,०००. पहिल्या वर्षाचे विमे ९९,२७९. पट्टे, साखळ्या, जॅक, चाकांच्या अडण्या यांचे ३०,०००. व्यापारी महिन्याने पैसे देतात, म्हणून चार खेपांच्या वाटखर्चासाठी खेळते भांडवल १,००,०००. आणि गाडी उभी राहिली तर तीन महिन्यांचा स्थिर खर्च, २,६२,३६५. एकूण ११,६१,६४४ रुपये.

मामा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होते. मामींनी चहा आणला, तो निवला. मग त्यांनी विचारले, "ह्यातलं काय काढता येतंय?" मी म्हणालो, "पट्टे थोडे कमी घ्या मामा, पण राखीव काढू नका." त्यावर ते म्हणाले की पट्टे कमी घ्यायचे नाहीत, पट्टा तुटला की मोटार गेली. या बाबतीत त्यांचेच बरोबर होते. मी तीस हजार तसेच ठेवले.

त्यांनी अजून गाडी घेतलेली नाही. कागद घडी घालून परवान्याच्या पाकिटात ठेवला आहे आणि पुन्हा ट्रेलरवर गेले आहेत. जाताना मला दुसरा कागद करायला सांगितले : पाच वर्षे वापरलेला ट्रक घेतला तर? किंमत निम्मी होईल, कर्ज कमी होईल. पण व्याजाचा दर चढेल, टायर-दुरुस्तीचे किलोमीटरला तीन रुपये पुरणार नाहीत, विम्याचे मूल्य निम्म्याखाली जाईल, आणि गाडी आठ वर्षांची झाल्यावर फिटनेस दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावी लागेल. थर्ड पार्टीचे ३५,३१३ मात्र तेवढेच राहतील, कारण तो दर गाडीच्या वजनावर आहे, वयावर नाही. तो कागद मी सुरू केला आहे. पहिल्या ओळीत चासी आणि बॉडी यांच्या किमती वेगवेगळ्या लिहिल्या आहेत.